तुकडे कुठं पडले

माघ उतरणीला लागला की आमच्या कोल्हापुरात हवेला एक चिकट वास येतो. गुऱ्हाळं पेटलेली असतात, कारखान्यांची धुराडी थांबायचं नाव घेत नाहीत आणि दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळी काजळी येऊन बसते. झटकायला गेलं की ती पसरते, म्हणून आई एकेका कपड्यावर फुंकर मारत बसते आणि तोंडानं कारखानदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. रस्त्यांवर उसाच्या गाड्या, गाड्यांमागं सांडलेलं वाडं, त्या हिरव्या शेंड्यांवर तुटून पडलेली मोकाट जनावरं. तालमीच्या पोरांच्या अंगात फुटबॉल शिरलेला, आणि घराघरात दहावी-बारावीची पोरं तोंड पाडून बसलेली. बाहेरून आलेल्या माणसाला हा मोसम गोड वाटतो. ताजा गूळ, काकवी, मऊ ऊन. मला विचाराल तर मला हा महिनाच नको असतो. कॅलेंडरातून फाडून टाकायची सोय असती तर मी केव्हाच फाडला असता.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. परवा नववीच्या वर्गात उपग्रहांचा धडा चालला होता. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, एखाद्या देशाला आपलाच उपग्रह क्षेपणास्त्र मारून का फोडावा लागतो?" मी सांगितलं. उपग्रह बिघडतो, ताबा सुटतो, खाली यायला लागतो, पोटात घातक इंधन असेल तर तो माणसांत पडण्याआधी वरच फोडलेला बरा. शिवाय शेजाऱ्यांना आपला नेम दाखवायची हौस असते, हेही सांगितलं. मुलगी खाली बसेना. "मग फोडल्यावर तुकडे कुठं पडतात?" खडू माझ्या हातातच राहिला. मी म्हटलं, उरलेलं उद्या, वह्या काढा. सगळ्या वर्गाला वाटलं, मॅडमना येत नाही. येतं की. नको तितकं येतं.

दोन हजार आठचा तो माघ. अमेरिकेचा एक हेरगिरीचा उपग्रह वर गेल्या गेल्याच मुका झाला होता. ज्यांनी बनवला त्यांच्या हाकेला त्यानं एकदाही ओ दिली नव्हती. बरेच दिवस तसाच पृथ्वीभोवती गरगरत राहिला, आणि आता खाली यायला लागला होता. कुठं पडणार, कुणालाच सांगता येत नव्हतं. पेपरात रोज काहीतरी छापून यायचं. आमच्या शिवाजी पेठेत असल्या बातम्यांचं जे होतं तेच झालं. तालमीसमोरच्या कट्ट्यावर पैजा लागल्या. कुणी म्हणालं पन्हाळ्यावर पडणार, कुणी म्हणालं रंकाळ्यात पडूंदे, तेवढाच गाळ तरी वर येईल. कशाचीही चेष्टा केल्याशिवाय आमच्याकडं कुणाला घास गिळत नाही.

आबांना मात्र आकाशातून पडणाऱ्या वस्तूंबद्दल जुनी आपुलकी होती. आबा म्हणजे माझे वडील, पेठेतल्या लोकांचे बापू. म्हशी पाळायचे आणि संध्याकाळी गंगावेशीच्या कोपऱ्यावर नेऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून दूध विकायचे. माझ्या लहानपणी 'स्कायलॅब' ही अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा पडणार म्हणून सगळा देश घाबरला होता. तेव्हा आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी, मरायचंच आहे तर मटण खाऊन मरू, म्हणून आपली दुभती म्हैस विकायला काढली. आबांनी ती घेतली. स्कायलॅब दुसऱ्याच कुठल्या देशाच्या रानात जाऊन पडली, शेजारी मटण खाऊन जिवंत राहिले, आणि म्हैस आमच्या गोठ्यात आली. पेठेतल्या पोरांनी तिचं नावच स्कायलॅब ठेवलं. पुढं ते शेजारी रोज आमच्याच गोठ्यातून तिचं दूध न्यायचे आणि रोज हळहळायचे.

चंद्री त्या स्कायलॅबची नात. नव्वदच्या दशकातला तिचा जन्म मला आठवतो, मी तेव्हा कॉलेजात होते. उभ्या उभ्या व्याली होती तिची आई. आबांनी ओलं पारडू दोन्ही हातांवर झेललं. कपाळावर पांढरा ठिपका, गोल, चुन्याचं बोट उठवल्यासारखा. आबांनी तिथल्या तिथं नाव ठेवलं आणि तिच्या कानात मोठ्यानं ओरडले, "चंद्रेऽ!" पारडीनं कान हलवला. त्यानंतर गोठ्याच्या दारातून आबांनी हाक मारली की ती आधी डावा कान वळवायची, मग मान. गर्दीत असो, गाड्यांच्या आवाजात असो, कान वळणारच. आई म्हणायची, "मी हाक मारल्यावर ह्या माणसाचा कान हलत न्हाई, आन् म्हशीचा बघा."

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरच्या त्या संध्याकाळी आता सांगितल्या तर माझ्या विद्यार्थ्यांना खऱ्या वाटत नाहीत. दिवे लागायच्या सुमाराला म्हशी रस्त्याकडेला उभ्या राहायच्या. समोर बाकडी. तालमीतून घाम पुसत आलेले पैलवान, चष्मेवाले कारकून, बाजार करून दमलेल्या बायका, आणि वाट वाकडी करून मुद्दाम आलेले परगावचे लोक. आबा गिलास थेट कासेखाली धरायचे. धार पितळी गिलासात वाजायची, फेस वर यायचा आणि गिलास तसाच, कोमट, गिऱ्हाइकाच्या हातात जायचा. तापवायचं नाही, गाळायचं नाही, पाण्याचा तर प्रश्नच नाही. आबांचा सगळा दिमाख त्यात होता. "डोळ्यानं बघा आन् तोंडानं प्या," ते म्हणायचे, "मदी कुणी न्हाई." मी विज्ञानाची बाई झाल्यावर एकदोनदा म्हटलं होतं, आबा, दूध तापवून द्यावं. ते म्हणाले, "तापवल्यालं दूध चहावाल्याकडं मिळतंय की." झालं, विषय संपला.

आजारी माणूस दिसला की आबांचा हात सैल सुटायचा. कुणी दवाखान्यातून येताना दिसलं, कुणाचं पोर किडकिडीत दिसलं, की हाक मारून गिलास द्यायचे आणि पैशाचं नाव काढू द्यायचे नाहीत. ही आमच्या घरातली जुनी रीत. मला तिचा अभिमान होता. पुढं त्या रीतीनंच आबांचं वर्ष खाल्लं.

त्या माघात चंद्री एका सकाळी वैरणीला तोंड लावेना. तोंडातून लाळ गळत होती. त्या दिवसांत उसाचं वाडंच मुख्य वैरण, आणि वाड्याचा चिवट तुकडा जनावराच्या घशात अडकणं नेहमीचं. आबांनी तेच धरलं. बाही वर केली, तिच्या जबड्यात हात घातला आणि घसा चाचपून पाहिला. काही लागलं नाही. दुपारी पुन्हा पाहिला. पाण्याची बादली पुढं केली तर ती तोंड घालायची, पण पाणी घशाखाली उतरायचं नाही. संध्याकाळी आबांनी दारातून हाक मारली, "चंद्रेऽ!" कान हलला नाही. आबा घरात येऊन आईला एवढंच म्हणाले, "तिला मी ऐकू येईना झालोय."

रात्री जेवताना माझ्या तोंडून पेपरातली बातमी निघाली. बोलायला काहीतरी हवं म्हणून. अमेरिकेनं ठरवलंय, जहाजावरून क्षेपणास्त्र सोडून तो उपग्रह फोडायचा. आबा भाकरी कुस्करत होते.

"म्हंजी हाक मारली तर वळूनबी बघत न्हाई व्हय ते?"

"पहिल्या दिवसापासून नाही, आबा."

"मग ऱ्हाऊ दे की फिरत. फोडायचं कशाला?"

"फिरत नाही राहणार. खाली येतंय. आणि त्याच्या टाकीत विषारी इंधन आहे, गोठून बसलेलं. टाकी न जळता कुठं गावात पडली तर माणसं मरतील. असं ते सांगतात."

"आसं सांगत्यात," आबा म्हणाले. "करणाऱ्याला कसं वाटत असंल गं? स्वतःच्या हातानं केलं आन्..."

आई म्हणाली, "जेवा आता. त्येंचं त्ये बघतील."

दुसऱ्या दिवशी चंद्रीचा आवाज बदलला. म्हैस रेकते तो आवाज मला जन्मापासून ठाऊक आहे, पण हा घोगरा, फाटलेला, मधेच तुटणारा. ऐकून आई देवापुढून उठून बाहेर आली. गुरांचे डॉक्टर आले. गोठ्याच्या दारातच थांबले, आत गेले नाहीत. तिथूनच तिची लाळ आणि डोळे बघितले. मग विचारलं, "बापू, हिला कुत्रं चावलंतं काय?"

आबांना आठवलं. पौषात तिच्या नाकपुडीजवळ ओरखडा दिसला होता. त्यांनी हळद-तेल लावलं होतं. खिळा लागला असंल, म्हणाले होते.

"हात घातलासा काय तोंडात?"

"घातला की. कोपरापातूर."

डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. म्हणाले, पिसाळलीय. हिच्यावर औषध नाही. तुम्ही सगळ्यांनी आजच्या आज सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू करा. आणि मग त्यांनी ते विचारलं, ज्याची मी मनातल्या मनात वाटच बघत होते. "हिचं निरसं दूध गेल्या आठवड्यात कुणाकुणाला दिलंसा?"

आबा खाली बसले. गोठ्याच्या उंबऱ्यावर, शेणातच.

इथं मला एक सांगितलं पाहिजे. गप्प बसायची सोय होती. आमच्याच नात्यातला एक शहाणा त्या दुपारी येऊन हळूच म्हणाला, "बोंबलू नका गावभर. दुधानं कुणाला काय होत न्हाई. कट्टा बसंल, नाव जाईल." दुधातून हा रोग झाल्याचं फारसं कुणी पाहिलेलं नाही, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही सांगितलं. पण ते पुढं म्हणाले, उकळलं नसेल तर धोका नको, इंजेक्शन घ्या. आबांनी 'फारसं' एवढाच शब्द उचलला. "फारसं म्हंजी?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, जवळजवळ नाहीच. "जवळजवळ म्हंजी?" मी चिडले. शिक्षिका आहे, कुणी शब्दाशब्दाला अडवलं की डोकं फिरतं.

त्या संध्याकाळी नेहमीच्या वेळेला आबा म्हैस न घेता कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. एकेक गिऱ्हाईक येईल तसं हात जोडून सांगत होते, "माझी म्हैस पिसाळलीया. तुमी माझ्याकडं दूध पिलासा. दवाखान्यात जावा, हात जोडतो." एका कारकुनानं भररस्त्यात आईमाईवरून शिव्या दिल्या. एक बाई तिथंच ओकायला लागली. तालमीचे वस्ताद मात्र आबांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "बापू, चला, सगळी पोरं घिऊन जातो. सुईला घाबरणारी बेणी हायत सगळी, उचलून न्यावी लागतील." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात पेठेतले पैलवान रांगेत उभे होते, दंड उघडे करून, आणि एकमेकांना भुंकून दाखवत होते. एरवी हसले असते मी.

रोजचे सगळे सापडले. राहता राहिला एकच गिलास.

चंद्री आजारी पडायच्या आदल्याच संध्याकाळी एक माणूस आला होता. गळ्यात हिरवा मफलर, बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, मनगटावर सलाईनची चिकटपट्टी. शाहूवाडीकडून आलोय, म्हणाला होता, पोरीला तापानं धरलंतं, दवाखान्यातून आजच सोडलं. मुलगी नुसती काडी. आबांनी चंद्रीच्या कासेखाली गिलास धरला, काठोकाठ भरून मुलीच्या हातात दिला. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. आबा वळून बघतात तो गिलास रिकामा. खूश होऊन म्हणाले, "आजून एक दिऊ?" माणूस घाईनं म्हणाला, नको नको, यष्टी चुकंल. आणि गेले दोघं. नाव नाही, गाव नाही.

"ताप आल्याली पोरगी," आबा म्हणत होते. "अंगात कायबी न्हाई तिच्या. आन् मी दिलं. माझ्या हातानं दिलं."

इकडं चंद्री दावं तोडायला बघत होती. तालमीतल्या पोरांनी जाड दोरखंड आणून लांबून चार बाजूंनी बांधली. तिचं ओरडणं थांबत नव्हतं. गल्लीत परीक्षेची पोरं कानात बोळे घालून बसली. गुरांचे डॉक्टर रोज येत आणि रोज तेच सांगत, "बापू, दोनचार दिसांत जाणारच हाय ती. पर ह्ये दोनचार दिस लई वाईट असत्यात. एक इंजेक्शन द्याचं, शांत हुईल. दावं तुटलं तर गल्लीत बारकी पोरं हायत."

आबा मान हलवायचे. नाही म्हणायचे. आईनं सांगितलं, मी सांगितलं, वस्तादांनी सांगितलं. ते गोठ्याच्या दारात पोतं टाकून बसून राहिले. तिकडं समुद्र खवळलाय म्हणून क्षेपणास्त्र सोडणं लांबलं, अशी बातमी आली. मला त्या जहाजाचा आणि आबांचा सारखाच राग येत होता. काय ते एकदा होऊन जाऊ दे, असं वाटायचं, आणि असं वाटल्याची भीतीही वाटायची.

मग एका सकाळी आबा उठले. दारातून त्यांनी हाक मारली. नेहमीसारखी, मोठ्यानं, शेवटचं अक्षर लांबवून. चंद्रीनं मान वळवली आणि आबांच्या दिशेनं धडक मारली. दोरखंड ताणले, मेढ करकरली. आबा मागं सरले नाहीत. तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "ही माझी न्हवं." डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

ते मी सगळं सांगणार नाही. तालमीच्या पोरांनी दोर धरले, डॉक्टरांनी काम केलं. आधी आवाज थांबला. गल्लीत एवढी शांतता पसरली की समोरच्या घरात कुणीतरी मोठ्यानं पाठ करत होतं ते ऐकू आलं. ट्रॉलीतून तिला गावाबाहेर नेलं, खोल खड्डा, चुना, मीठ. आबांनी एक टिपूस काढलं नाही. मी वाट बघत होते, आई वाट बघत होती. ट्रॉली रिकामी परत आली तसे ते हातपाय धुऊन मला म्हणाले, "शालन, शाहूवाडीला जाणारी यष्टी कितीला?"

त्याच सुमाराला उपग्रहही फुटला. पेपरात पहिल्या पानावर फोटो, आकाशात एक पांढरा पुंजका. नेम बरोबर बसला, टाकी फुटली, धोका संपला. शाळेत मुलांनी विचारलं तसं मी फळ्यावर चित्र काढून समजावलं. उपग्रह खालच्या कक्षेत होता, त्यामुळं तुकडे वातावरणात शिरून जळून जातील. आदल्या वर्षी चीननं आपला एक उपग्रह असाच फोडला होता, तो उंचावर, त्याचे तुकडे मात्र अजून फिरताहेत. एका मुलीनं विचारलं, "ह्याचे सगळे जळतील, मॅडम?" मी म्हटलं, "बहुतेक." आणि माझ्याच कानाला तो शब्द खुपला. धोका संपला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांचे फोटो होते पेपरात. फोडणं एका दिवसाचं काम. त्याआधी काय कुठं सांडून गेलं, ते गोळा करत फिरायला कुणी जात नाही. आबा गेले.

बाजाराच्या दिवशी ते शाहूवाडीकडच्या मलकापूरला जायचे. एका रविवारी मी बरोबर गेले होते. भात कधीच निघालेलं, खाचरं भेगाळलेली, नुसता धसकटांचा पसारा, आणि त्या ओसाड खाचरांच्या कडेनं यष्टी डोंगर चढत होती. बाजारात आबा प्रत्येक हिरव्या मफलरच्या मागं जायचे. माघ सरला, उन्हं तापली, मफलर गेले, तरी जायचे. "पावणं, एक पोरगी बघितलासा काय, दोन येण्या, दवाखान्यातनं आल्याली?" लोक नीट ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे, हळहळायचे. एका दुकानदारानं बाहेर फळीवर खडूनं लिहूनही ठेवलं. पण डोंगरात वाड्या किती, आणि तापातून उठलेल्या मुली किती. परतीच्या यष्टीत आबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "एवढ्या रानात कुठंतरी हाय बघ ती." मला त्यांना कुशीत घ्यावंसं वाटलं. आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी नुसती पाण्याची बाटली पुढं केली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कधीतरी सांगून ठेवलं होतं की हा रोग कधी महिन्यात उठतो, कधी वर्ष घेतो, क्वचित त्याहून जास्त. ते ऐकल्यापासून आबांना कुठलाच दिवस सुटकेचा उरला नाही. त्यांची स्वतःची इंजेक्शनं झाली, दंड दुखला, ताप आला, त्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. उरलेल्या दोन म्हशींचं दूध डेअरीला जायला लागलं. धार आई काढायची, कारण आबांना ते जमेना. कासेखाली बसायचे आणि तसेच उठून यायचे. मात्र संध्याकाळ झाली की धुतलेला सदरा घालून कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे. मोकळ्या हातानं. तो माणूस पुन्हा कधी दवाखान्यात आला तर इथूनच जाईल, म्हणून. पावसात छत्री घेऊन उभे, गणपतीच्या गर्दीत उभे. बाकीचे गवळी धार काढत असायचे आणि आबा लोकांच्या तोंडाकडं बघत असायचे. खुळा झाला म्हातारा, असं माझ्या मागं कुजबुजलेलं मी ऐकलंय. वळून चांगलं सुनावलंही आहे.

आई एकदा माझ्यापाशी म्हणाली, "एवढा जीव हुता म्हशीवर, आन् तिचं नाव न्हाई तोंडात. फोटोला हार घातला न्हाई, की गोठ्यात जागा मोकळी बघून रडला न्हाई. मला भ्या वाटतंय गं." मलाही वाटायचं. त्या वर्षी दिवाळीच्या वसुबारसेलाही त्यांनी तिचं नाव काढलं नाही.

पुन्हा माघ आला. पुन्हा काजळी, पुन्हा वाडं, फळ्यावर पुन्हा सूर्यमाला. शाळा सुटल्यावर मी आबांना घरी न्यायला कोपऱ्यावर गेले होते. ऊन कलतीला आलं होतं. एक माणूस बाकड्यांपाशी येऊन इकडंतिकडं बघत होता. मफलर नव्हता त्याच्या गळ्यात. मी ओळखला नसता, मी तर त्याला कधी पाहिलंच नव्हतं. पण आबा मला ओढत त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. तो एकटाच होता.

"काय बापू," तो हसून म्हणाला, "म्हस कुठं हाय? चांदाची?"

आबांनी माझा दंड घट्ट धरला. शेवटी कसंबसं म्हणाले, "पोरगी?"

"कुठली? आमची? हाय की. शाळंत जाती, झाडावर चढती. दवाखान्याचं नाव काढलं तर आता पळून जाती. का वो?"

आबांनी सांगितलं. उभ्या उभ्या, तुटक तुटक, सगळं सांगितलं. माणसाचा चेहरा उतरत गेला. कपाळाला हात लावून तो बाकड्यावर बसला. मला वाटलं, आता हा शिव्या देणार. देऊ दे, म्हटलं, हक्क आहे त्याचा.

"बापू," तो म्हणाला, "तुमी वरीसभर मला हुडीकत हुतासा?"

"व्हय."

"आवो, तिनं दूध पिलंच न्हाई की!"

आबांनी कान पुढं केला.

"तिला कच्च्या दुधाचा वास सोसत न्हाई. तोंडाला लावलंबी न्हाई. तुमी तिकडं वळल्यावर मी गटारीत वतलं, मी. तुमी एवढ्या मायेनं दिल्यालं, पैसं घेत न्हवतासा, तोंडावर कसं सांगायचं, वाईट दिसतंय. वर तुमी म्हंतासा आजून एक दिऊ. म्हून तर पळालो यष्टीचं नाव सांगून. मला आधी म्हाईत असतं तर... आवो, आमच्या वाडीला रस्ताच न्हाई, बाजाराला मी येतो कुठं..." तो बोलतच होता आणि रडकुंडीला आला होता. चूक त्याची नव्हती. कुणाच्याच मायेत चूक नव्हती, आणि एक अख्खं वर्ष गेलं होतं.

मला हसू आलं, म्हणजे येत होतं. वाटलं, आबा आता हसतील, त्याला टाळी देतील, घरी नेऊन तापवलेलं दूध पाजतील. बाकीचे गवळी धार थांबवून आमच्याकडं बघत होते. वस्तादही तालमीतून येऊन उभे राहिले होते.

आबा हळूच बाकड्यावर बसले. त्या माणसाचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. आता भररस्त्यात, सगळ्यांसमोर, म्हातारा माणूस लहान मुलासारखा हमसून हमसून रडत होता. मी वाकून म्हटलं, "आबा, अहो, पोरगी बरी आहे. ऐकलंत ना? बरी आहे ती."

"ऐकलं," ते म्हणाले. "आता मला रडू दे, शालन. माझी म्हस मेलीया."